जागल्याची भाकरी

आमच्या म्हसवडला मटणाच्या दुकानात काळीज मागितले, तर खाटीक जे कागदात बांधून देतो ते हृदय नसते. ते असते यकृत. मराठीचा प्राध्यापक म्हणून गेली वीस वर्षे मी पुण्याच्या एका महाविद्यालयात काळजाचे अर्थ सांगत आलो आहे. काळजाचे पाणी होते, काळजाला घरे पडतात, लेकरू म्हणजे काळजाचा तुकडा. आणि समोरची मुले हे सारे मुकाट्याने वहीत उतरवून घेतात. परंतु काळजाचा खाटकाच्या दुकानातला अर्थ मला समजला तो २०२० सालच्या दिवाळीत, आईच्या डोळ्यांत हळदीसारखा रंग दिसला तेव्हा.

आणि तो रंग तिथे आणण्यात माझाच हात होता, हे आधीच सांगून टाकतो.

ते दिवस कोणाला आठवत नाहीत? मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि 'प्रतिकारशक्ती' हा एरवी शाळेच्या पुस्तकात पडून राहिलेला शब्द एकदम भाजीवालीच्या तोंडी गेला. घरोघरी काढे उकळू लागले. आई म्हसवडला थोरल्या भावाकडे, मी पुण्यात अडकलेला. लेकाने आईसाठी काही करावे, तर करणार काय? मी गुळवेलीचे चूर्ण आणि गोळ्या पाठवल्या. गुळवेलीला संस्कृतात 'अमृता' म्हणतात. ज्या वनस्पतीचे नावच अमृता, तिच्यापासून कोणाला काय धोका असणार? भाषेचा अभ्यासक असा नावाला फसतो.

तिकडे परसातल्या कडुलिंबावर गुळवेल चढलेली होतीच. वहिनी तिचा ताजा काढा करून देई. म्हणजे सकाळी परसातला काढा, रात्री पुण्याचे चूर्ण. आई दोन्ही वेळा नाक मुरडी आणि दोन्ही वेळा घेई, कारण एक सुनेने केलेले आणि दुसरे लेकाने पाठवलेले.

दिवाळीला गावी गेलो. उंबऱ्यात ओवाळायला आई पुढे आली आणि निरांजनाच्या उजेडात मला तिचे डोळे दिसले. अंगाला खाज सुटते, जेवण नको वाटते, जिना चढला की दम लागतो, असे ती महिनाभर म्हणत होती म्हणे. फोनवर तिने मला त्यातले काही सांगितले नव्हते. आयांचे फोन असेच असतात.

पुण्याला आणून दाखवले. डॉक्टरांनी विचारले, "औषधे कोणकोणती चालू आहेत?"

"साखरेची गोळी," मी म्हणालो.

"आणखी?"

"आणखी काही नाही."

डॉक्टर मुरलेले होते. त्यांनी मला बाजूला सारले आणि आईला विचारले, "आजी, काढा, चूर्ण, पुडी, मुळी, असे काही?"

"त्ये व्हय!" आई म्हणाली. "पर त्ये काय औशीद हाय का?"

त्या एका वाक्यात सारा घोटाळा आहे. आपण ज्याला औषध म्हणत नाही, ते आपण डॉक्टरांना सांगत नाही. आणि ज्याला औषध म्हणत नाही, त्याचे मोजमापही ठेवत नाही.

मुंबईचे सहा आणि देशातले त्रेचाळीस

आमचीच काही एकटी गोष्ट नव्हती. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे असे सहा रुग्ण आले, की ज्यांना कावीळ झाली होती आणि जे गुळवेल घेत होते. यकृताचा बारीक तुकडा काढून तपासला, तेव्हा दिसले ते चित्र एखाद्या विषाने जाळल्याचे नव्हते. शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या यकृतावर उलटल्याचे ते होते. ही हकीकत २०२१ साली प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एखादी वेल वापरात आली असेल, अशी शंका काढली. आक्षेप ऐकून घेण्यासारखा होता. पुढे २०२२ साली देशातल्या तेरा रुग्णालयांतून त्रेचाळीस रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. मंत्रालयाने त्यानंतरही गुळवेल सुरक्षित असल्याचेच सांगितले.

या वादात पडण्याचा मला अधिकार नाही. लक्षावधी लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांना काही झाले नाही, हेही खरेच आहे. परंतु ज्यांना बाधली त्यांतल्या कित्येकांमध्ये एक गोष्ट समान होती. त्यांच्या यकृतात आधीपासून काहीतरी दबा धरून बसले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. आमच्या आईचे नेमके तेच झाले. गुळवेल थांबवली, औषधे दिली, काही आठवड्यांत कावीळ उतरली. पण तपासण्यांत कळले, की खालचे यकृत बऱ्याच वर्षांपासून निबर होत आले आहे. त्याला सिरोसिस म्हणतात.

हे नाव ऐकताच नातेवाइकांच्या चेहऱ्यावर एक प्रश्न उमटला आणि कोणी तो बोलून दाखवला नाही. दारू? आमच्या आईने आयुष्यात कधी ताडीचा वाससुद्धा घेतलेला नाही. पण वीस वर्षांचा मधुमेह आणि यकृतात साठलेली चरबी हे दोघे मिळून तेच काम करतात, फक्त बोभाटा न करता. आज शहरांतल्या निर्व्यसनी घरांतून हा आजार शिरला आहे. ज्यांच्या घरी मधुमेह आहे आणि पोटाचा घेर आहे, त्यांनी यकृताची तपासणी एकदा करून घ्यावी. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

वेशीवरचा जागल्या

यकृताचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध काय, हे मला डॉक्टरांनी एका दुपारी समजावून सांगितले. मी ते माझ्या भाषेत सांगतो.

जुन्या काळी गावाच्या वेशीवर जागल्या असे. बाजाराला येणारा-जाणारा माणूस, बैलगाडी, पालाचा गाठोडेवाला, सारे त्याच्या डोळ्यांखालून जाई. यकृत हे शरीराच्या वेशीवर बसले आहे. ते दीडेक किलो वजनाचे असते आणि दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त त्यातून वाहते. त्यातले सुमारे पाऊण हिस्सा रक्त आतड्याकडून येते. आतड्यातून नुसते अन्नच येत नाही. कोट्यवधी जंतू आणि त्यांचे तुकडेही येतात. १८७६ साली कुप्फर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने यकृतात चांदणीच्या आकाराच्या पेशी पाहिल्या. त्याच्याच नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या कुप्फर पेशी हे तिथले पहारेकरी. येणाऱ्या जंतूला त्या गिळतात आणि पुढे स्वच्छ रक्त सोडतात. जंतुनाशाला मदत करणारी रक्तातली कितीतरी प्रथिनेही यकृतच तयार करते.

सिरोसिसमध्ये या वेशीची पडझड होते. रक्त आडवाटेने पुढे जाते, जंतू न तपासता आत शिरतात. पहारेकरी थकतात, आणि थकलेला पहारेकरी चिडखोरही होतो. म्हणून या आजारात प्रतिकारशक्ती एकाच वेळी दुबळी आणि भडकलेली असते. खऱ्या जंतूला ती आवरू शकत नाही आणि अंगातली धग मात्र विझू देत नाही. सिरोसिसच्या ज्या रुग्णांना इस्पितळात दाखल करावे लागते, त्यांच्यापैकी साधारण तिसऱ्या हिश्शाला जंतूंची लागण झालेली असते.

"आता तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले, "अशा माणसाची प्रतिकारशक्ती 'वाढवायची' म्हणजे नेमके काय वाढवायचे?"

मला उत्तर सुचले नाही. आम्ही भाषेतले लोक 'वाढवणे' हे क्रियापद फार सहज वापरतो.

डब्यांची माळ

तरी माझी खोड मोडली नव्हती. गुळवेल गेली, तशी मी दुसरी खरेदी सुरू केली. पुण्यातल्या औषधाच्या दुकानात यकृतासाठी म्हणून काय मिळत नाही! सिलिमरिनच्या गोळ्या, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, जीवनसत्त्वांच्या बाटल्या, प्रथिनांच्या पावडरीचे डबे. पुढच्या तपासणीला मी ती सारी माळ पिशवीत घालून घेऊन गेलो. डॉक्टरांनी एकेक डबा टेबलावर मांडला.

सिलिमरिनची गोळी त्यांनी पहिल्याने उचलली. २०१२ साली अमेरिकेत हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवर तिचा प्रयोग झाला. काहींना गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. चोवीस आठवड्यांनंतर दोघांच्या यकृतात काही फरक आढळला नाही.

मग हळदीची कॅप्सूल. इथे मी थोडा दुखावलो, कारण सांगली आमच्या शेजारचीच. हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांत हळद साठवत, ती पेवे मी लहानपणी पाहिली आहेत. आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्गात पेढे वाटले होते. डॉक्टर म्हणाले, आमटीतल्या चिमूटभर हळदीवर माझे काही म्हणणे नाही, ती खुशाल घाला. पण कॅप्सूलमध्ये हळदीचा अर्क असतो, आणि तो अंगात नीट मुरावा म्हणून कधी त्यात मिऱ्यांतले पायपरिन घातलेले असते. पायपरिनने माणसाच्या रक्तात त्या अर्काचे प्रमाण वीसपट होते, हे १९९८ साली बंगलोरच्या संशोधकांनी दाखवले आहे. आणि २०२२ साली अमेरिकेत हळदीच्या अशा गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या दहा जणांची नोंद प्रसिद्ध झाली. पाच जणांना इस्पितळात ठेवावे लागले, एक दगावला. दहांतल्या सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली. म्हणजे कोणाला बाधेल हे आधी कपाळावर लिहिलेले नसते; रक्तात लिहिलेले असते, आणि ते आपण वाचलेले नसते.

सगळेच डबे त्यांनी मोडीत काढले असे मात्र नाही. जस्ताची आणि 'ड' जीवनसत्त्वाची उणीव या रुग्णांत नेहमी आढळते. रक्त तपासून ती दिसली, तर भरून काढलीच पाहिजे. 'ई' जीवनसत्त्वाचा उपयोग मधुमेह आणि सिरोसिस नसलेल्या काही विशिष्ट रुग्णांना झाल्याचे २०१० साली दिसून आले. आईला मधुमेह आणि सिरोसिस दोन्ही, तेव्हा तो उपयोग तिच्यासाठी नव्हे. 'अ' जीवनसत्त्व जास्त झाले तर यकृतालाच मारते, आणि लोहाची गोळी कारणाशिवाय घेऊ नये. तात्पर्य, उणीव मोजा आणि तेवढीच भरा. अंदाजाने ओतू नका.

प्रथिनांचा डबा उरला होता. तो हातात घेऊन त्यांनी आईला एक साधा प्रश्न विचारला. "आजी, रात्री जेवता किती वाजता?"

"सातला. दिवं लागलं की."

"आणि सकाळी?"

"सकाळी सहाला च्या. मग देवपूजा, सोप्यावरची झाडलोट. भाकरी अकराला."

डॉक्टरांनी बोटांवर मोजले. "म्हणजे सोळा तास पोटात चहाशिवाय काही नाही." आणि त्यांनी डबा माझ्या पिशवीत परत टाकला. "प्राध्यापक, तुमच्या आईला जे हवे ते या दुकानात मिळत नाही. त्यांना हवी आहे रात्रीची भाकरी."

बहात्तर सालची भूक

निरोगी माणसाचे यकृत म्हणजे धान्याची कणगी असते. दिवसा ती भरते आणि रात्री शरीर झोपेत त्यातली साखर काढून वापरते. निबर झालेल्या यकृताची कणगी एवढीशी होते. मध्यरात्रीच तिचा तळ लागतो, आणि मग शरीर आपलेच मांस मोडून खाऊ लागते. १९८३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे मोजून पाहिले. सिरोसिसचा रुग्ण एक रात्र उपाशी झोपला, की सकाळी त्याच्या शरीराची जी अवस्था होते, ती निरोगी माणसाची तीन दिवसांच्या कडकडीत उपासानंतर होते!

हे ऐकले आणि माझ्या अंगावर काटा आला. आईचा जन्म माणदेशातला. १९७२ च्या दुष्काळात ती सोळा-सतरा वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. माण नदीचे वाळवंट, बोडके माळ, रेशनवर मिळणारा परदेशी तांबडा मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, या गोष्टी तिने आम्हाला इतक्यांदा सांगितल्या आहेत, की आम्ही दोघे भाऊ त्यांना हसायचो. पुढे आयुष्यभर तिला एका गोष्टीचा अभिमान राहिला. "मला भूक लागत न्हाई," ती म्हणायची. "बहात्तरानं मोडली ती."

आणि आता कळत होते, की रोज रात्री घरात दुभते असताना, कणग्या भरलेल्या असताना, माझी आई अंथरुणावर पुन्हा बहात्तर साल भोगत होती. आम्ही शेजारच्या खोलीत झोपलेले होतो.

मांस झिजते तेव्हा नुसती ताकद जात नाही. रक्तातला अमोनिया यकृताला आवरेनासा झाला, की तो आवरण्याचे काम स्नायू करतात. तो वाढला तर माणूस भ्रमतो, दिवस-रात्र विसरतो. प्रतिकारशक्तीच्या पेशीही प्रथिनांवरच पोसतात. झिजलेल्या रुग्णाला लागण लवकर होते आणि ती लवकर हटत नाही. पहाऱ्यावरचा माणूस उपाशी असताना त्याच्या हातात आणखी एक काठी देऊन काय होणार? पूर्वी ज्याच्या भरवशावर सारे गाव झोपे, त्यालाच गाव दाराबाहेर उभे करून उरलेली भाकरी वाढी. आपल्या शरीराशी आपण तसेच वागतो. ज्याच्यावर सारी मदार, त्याला शेवटी.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड येथे एक प्रयोग झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. सिरोसिसच्या १०३ रुग्णांना रोज सुमारे ७१० कॅलरींचा जादा खुराक वर्षभर दिला. खुराक एकच, पण निम्म्यांना तो दिवसा आणि निम्म्यांना रात्री. रात्री घेणाऱ्यांच्या अंगावर सरासरी दोन किलो मांस चढले. दिवसा घेणाऱ्यांच्या अंगाला काही लागले नाही. जादू खुराकात नव्हती, वेळेत होती.

वरणाला मिळालेली माफी

आणखी एक जुनी समजूत निघाली. यकृताचा रुग्ण म्हटला, की डाळ बंद, अंडे बंद, दूध बंद. पेज आणि उसाचा रस. आमच्या शेजारच्या काकांना असेच पाळले होते. शेवटी त्यांचे हातपाय काटक्यांसारखे झाले. प्रथिनांनी अमोनिया वाढतो, या भीतीने डॉक्टरही तसेच सांगत. २००४ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी भ्रम झालेल्या रुग्णांवरच प्रयोग करून दाखवले, की प्रथिने तोडल्याने भ्रम लवकर उतरत नाही. उलट अंगातले मांस मात्र जास्त मोडते. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले, की सिरोसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने रोज हवीत, रात्री झोपण्यापूर्वी काही खावे आणि सकाळची न्याहारी चुकवू नये.

आईचे वजन पन्नास किलो. म्हणजे साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. वहिनीने आणि मी कागद घेऊन बसून हिशेब केला. एका अंड्यात सहा ग्रॅम. पेलाभर दुधात सहा-सात. वाटीभर घट्ट वरणात तेवढेच. मूठभर शेंगदाण्यांत सात. बाजरीची एक भाकरी पाचेक ग्रॅम देते. मटकी आणि हुलगा यांत तर शंभर ग्रॅमला बावीस-तेवीस. ज्या हुलग्याचे माडगे आम्ही गरिबीचे खाणे म्हणून शहरात गेल्यावर विसरलो, ते असे हिशेबात पुढे आले. दिवसभराची बेरीज झाली आणि पावडरीचा डबा लागला नाही. ज्याला अन्न जातच नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्याला डबा द्यावा, पण डॉक्टरांना विचारून.

दोन पथ्ये मात्र कडक आहेत. पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल, तर मीठ कमी; लोणचे, पापड आणि खारवलेल्या मिरच्या यांना रजा. आणि बुरशी लागलेले शेंगदाणे, मका, मिरची घरात ठेवायची नाही. त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन यकृताचे जुने वैरी आहे. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन काविळीने शंभरावर माणसे दगावली. त्यांना तो मका टाकून देणे परवडत नव्हते. आपल्याला परवडते.

आणि प्रतिकारशक्ती? ती 'वाढवण्याचा' एक खरा उपाय आहे, तो बाटलीत नव्हे, सुईत आहे. हिपॅटायटिस बीची लस आपल्या देशात सर्व राज्यांतल्या बाळांना मिळू लागली ती २०११ च्या सुमारास. तुमच्या-माझ्या वयाच्या माणसांना ती बहुधा मिळालेलीच नाही. यकृताच्या रुग्णाने ती घ्यावी. हिपॅटायटिस ए, न्यूमोनिया आणि दर वर्षी फ्ल्यूची लसही डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. लस म्हणजे जागल्याला चोराचा फोटो दाखवून ठेवणे. काठी उगारून सगळ्यांच्या अंगावर धाव, असे ती त्याला सांगत नाही.

उपास कोणी धरायचा?

हे सारे कळले. आईनेही मान डोलावली. रात्री दहाला अर्धी भाकरी आणि दूध सुरू झाले. पण पुढच्या वर्षीची दिवाळी आली आणि गाडे अडले.

म्हसवडचे दैवत सिद्धनाथ. दिवाळीच्या पाडव्याला त्याचे घट बसतात आणि बारा दिवसांचे नवरात्र सुरू होते. तुळशीच्या लग्नाला सिद्धनाथ-जोगेश्वरीचे लग्न लागते, आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला देवाची वरात रथातून निघते. गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि 'नाथबाबाच्या नावानं चांगभलं'चा गजर ज्याने ऐकला आहे, त्याला ते निराळे सांगायला नको. काही भाविक हे नवरात्र उभ्याने धरतात. बारा दिवस बसायचे नाही. आईने तरुणपणी तेही केले होते. पुढे गुडघे बोलू लागले तेव्हा उभे राहणे सुटले, उपास मात्र राहिला होता.

पाडव्याच्या आदल्या रात्री मी विषय काढला. ऑकलंड सांगितले, बार्सिलोना सांगितले.

"आरं, तुझी ती गावं असतील श्यानी," आई म्हणाली. "पर चाळीस वरीस धरलंय मी. आता सोडू व्हय? नाथ काय म्हनल?"

वहिनी म्हणाली, देवाला कळते. भाऊ म्हणाला, फळे खा. मी म्हणालो, ते पुरायचे नाही. आई काही बोलेना. रात्रीचे दूध तिने तसेच बाजूला सारले. आम्ही सगळे तिच्यावर उपकार केल्यासारखे बोलत होतो आणि चाळीस वर्षांत तिने स्वतःसाठी म्हणून काय धरले असेल, तर तो हा एकच उपास, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते.

बऱ्याच वेळाने तिनेच तोड काढली. "मग असं कर," ती मला म्हणाली. "माझा उपास तू धर."

मी चपापलो. महाविद्यालयात मी बुद्धिवादी म्हणून ओळखला जातो. पण गुळवेल पाठवताना माझी बुद्धी कुठे गेली होती? मी हो म्हणालो. आईने पेला जवळ ओढला आणि दूध पिऊन टाकले.

महाविद्यालयाला सुट्टी होती. बारा दिवस मी एक वेळच्या फराळावर काढले. पहिले दोन दिवस मौजेत गेले. तिसऱ्या रात्री साडेदहाला मी सोप्यावर अंथरुणावर पडलो होतो आणि आत चुलीवर भाकरी भाजल्याचा खमंग वास येत होता. पोटात आग पडली होती. कूस बदलावी तर झोप नाही, पुस्तक उघडावे तर अक्षर लागत नाही. रात्र एवढी लांब असते, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ठाऊक नव्हते.

आई ताटली घेऊन बाहेर आली आणि माझ्या उशाशी बसून दुधात भाकरी कुस्करू लागली. थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

"भुकेनं झोप येईना व्हय रं?"

"नाही येत."

"मलाबी न्हाई यायची," ती म्हणाली, "आता येती." आणि तिने सावकाश एकेक घास संपवला.

यंदाही पाडव्याला मी म्हसवडला जाणार आहे. आईची तब्येत बरी आहे. आजार गेलेला नाही, पण तो जागच्या जागी आहे. उपास माझ्याकडे लागला आहे, आणि रात्री दहाची भाकरी तिच्याकडे.